पिवळ्या दिव्याखालचा शेवाळी

आमच्या पुढच्या दाराला चांगली जाडजूड लोखंडी कडी आहे, पण ती लावायची नाही. चोर आला तर येऊ दे, मांजर शिरलं तर शिरू दे. माझे थोरले दीर, आमचे भाऊजी, पंप दुरुस्तीच्या कामाला म्हणून नदीच्या वरच्या अंगाला गेले आणि परत आलेच नाहीत. तेव्हापासून सासूबाईंनी कडीला कुणाला हात लावू दिला नाही. "तो येईल आणि दार लावलेलं बघून मागच्या मागे फिरेल. भिडस्त आहे माझा पोरगा. दार वाजवायचा नाही." आता स्वतःच्या घराचं दार न वाजवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही, पण भाऊजी खरंच तसे होते. भाजीत मीठ कमी पडलं तर मागायचे नाहीत, तशीच खाऊन उठायचे.

कडी नाही म्हटल्यावर दार थोडंच गप्प बसतंय! वारा आला की आपोआप उघडायचं, बिजागरी कुरकुरायची आणि दाराशेजारच्या खाटेवरून सासूबाईंचा आवाज यायचा, "आला का गं?"

"नाही आई, वारा."

या घरात दुसरा कुठला शब्द मी इतक्यांदा बोलले नसेन. सुरुवातीला बोलताना डोळ्यांत पाणी यायचं. मग राग यायला लागला. पुढे पुढे नुसता काटा यायचा अंगावर, कारण कधीकधी वारा नसायचाच. दार मात्र उघडायचं. उंबऱ्यापलीकडे कुणीतरी उभं आहे आणि आत यायला संकोचतंय असं वाटायचं. मी काही कुणाच्या बापाला भिणारी नाही, पण शिवणाच्या मशीनवरून उठून दार लोटून यायचे ते बाहेर न बघता.

या थंडीत सासूबाईंची छाती धरली. डॉक्टर आले, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "यांना आतल्या खोलीत हलवा आणि हे दार बंद ठेवा. या गारठ्यात राहिल्या तर थंडी पार करणार नाहीत. मी स्पष्टच सांगतो."

"औषध द्या," सासूबाई म्हणाल्या. "सल्ला राहू द्या."

आम्ही खाट उचलायला गेलो तर त्यांनी दाराची चौकट धरली. हाडाची काडी झालेली बाई, पण बोटं सोडवता सुटेनात. आमचे हे म्हणाले, "उचला जबरदस्तीने, मी बघतो." तेव्हा माझी जाऊ, भाऊजींची बायको, पुढे आली, सासूबाईंच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "नको." बस, एवढंच. मग खांद्याला रंगांची पिशवी अडकवली आणि गेली शाळेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासू दारात मरायला टेकलीय आणि या बाईसाहेब निघाल्या पोरांना रंग शिकवायला!

जाऊबाई कलाशाळेत रंगांचा वर्ग घेतात. मुलं त्यांना रंगबाई म्हणतात, आणि तेच त्यांचं नाव होऊन बसलंय. त्यांची शिकवायची रीत न्यारी. बाकीचे मास्तर म्हणे पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठं वर्तुळ काढतात, त्यात रंग भरतात आणि पाठ करायला लावतात. या पहिल्या दिवशी टेबलाटेबलावर फिरतात आणि काळ्या रंगाच्या सगळ्या ट्यूब काढून घेतात. "सावली काळी नसते रे राजांनो. सावलीत जाऊन बसा आणि बघा." मग एक विषय देतात. तोही झाड, डोंगर, फुलदाणी असला नाही. घरात कोण कुणाजवळ बसतं ते चेहरे न काढता, फक्त रंगांनी दाखवा. आजारपणातली एक दुपार. रिकामी झालेली एक जागा. एका वर्षी विषय दिला, घरातली दोन न पटणारी माणसं. एक लाल, एक हिरवा. शेजारी ठेवले की दोघेही उजळतात, एकमेकांना चढवतात. एकत्र कालवायला जाल तर दोघांची राख. हे समजावून सांगताना बाईंनी उदाहरण कुणाचं दिलं असेल? माझं आणि स्वतःचं! भर वर्गात! एका मुलीच्या आईकडून मला कळलं तेव्हा मी आठवडाभर बोलले नाही. पण खरं सांगायचं तर तिखट लाल म्हटलेलं मला मनातून आवडलं होतं.

आणि नजर म्हणाल तर अशी की विचारू नका. मी शिवणकाम करते. गिऱ्हाइकाच्या कापडाला जुळणारा दोरा आणायचा म्हणजे डोकेदुखी असते. पण जाऊबाईंनी कापड एकदा बघितलं की चार दिवसांनी दुकानात जाऊन, तुकडा हातात नसताना, नेमकी रीळ उचलून आणायच्या. कधी एका छटेचा फरक पडला नाही. दुकानदार आपापसांत वाद झाला तर यांच्याकडे न्याय मागायला यायचे. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि तिथेच तर घोडं पेंड खातं.

भाऊजींच्या अंगावर शेवटी गेले तेव्हा एक स्वेटर होता. सासूबाईंनी विणलेला. लोकर पातळ होती म्हणून त्यांनी हिरव्या लोकरीबरोबर एक बारीक निळा धागा जोडीने चालवला होता. जवळून बघितलं तर दोन धागे वेगळे दिसायचे, हातभर लांबून बघितलं तर दोन्हींचा मिळून तिसराच रंग व्हायचा, ओल्या दगडावर असतो तसा शेवाळी. जाऊबाईंना त्याचं कोण कौतुक! मुलांना दाखवायला त्या तो स्वेटर शाळेत घेऊन जायच्या आणि भाऊजी बिचारे थंडीत कुडकुडत बसायचे.

ते नाहीसे झाले त्यानंतर काही काळाने नदीच्या खालच्या अंगाच्या चौकीवरून निरोप आला. एक माणूस पाण्यात सापडला होता. कुणी पुढे आलं नाही म्हणून त्याला तिथेच मूठमाती दिली होती, अंगावरचे कपडे तेवढे ठेवले होते. ओळख पटवायला या. जाऊबाई आणि आमचे हे गेले. मी सासूबाईंपाशी थांबले. स्वेटर विणून उरलेल्या लोकरीचा गुंडा मांडीत घेऊन त्या बसल्या होत्या. मी नुसती आत-बाहेर, आत-बाहेर.

ती दोघं परत आली. जाऊबाईंनी चपलाही काढल्या नव्हत्या. दारातूनच म्हणाल्या, "आई, तो स्वेटर यांचा नव्हे."

"नीट बघितलास?"

"यांचा शेवाळी. तो मातकट होता. मातकट, आणि वर चिखलाचे काळे ठिपके. आपला नव्हे."

संपलं. रंगबाईंनी सांगितलं म्हणजे ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलायचं नाही. आमचे हे ओसरीवर बसून हमसाहमशी रडले. यांच्या नजरेचा काही उपयोगच नव्हता म्हणा, यांना लाल आणि नारिंगी एकच. शिवाय तिथे ते आत गेलेच नव्हते, धीर झाला नाही म्हणून उंबऱ्यावरच थांबले होते. मी चहा ठेवला. सासूबाई हसल्या, त्या दिवशी मी त्यांना शेवटचं मोकळं हसताना पाहिलं. "बघा, मी म्हटलं नव्हतं? येईल तो." आणि दाराची कडी काढली ती कायमची.

तर मी सांगत होते या थंडीचं. खाटेवरून तो तमाशा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी चिंध्यांचं गाठोडं काखेत मारलं आणि कलाशाळेत गेले. दर थंडीत जाऊबाई माझ्याकडून शिवणाच्या चिंध्या नेतात. फक्त हिरव्या. पोपटी, बाटलीसारख्या, पिस्त्याच्या, मेंदीच्या, पण हिरव्याच. मी कधी विचारलं नव्हतं. बाईंच्या शंभर तऱ्हा, त्यातली ही एक. चिंध्यांचं निमित्त होतं, खरं मला तोंडावर विचारायचं होतं की ताई, तुम्ही आईंना समजावता का नाही? तुमचं एक त्या ऐकतात. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा असं ठरवूनच गेले.

वर्ग चालू होता म्हणून मागच्या बाकावर बसले. लांबच लांब खोली, एका बाजूला उंच खिडक्या, टर्पेंटाइनचा वास, जमिनीवर इतक्या वर्षांच्या सांडलेल्या रंगांची खरूज. फळ्यावर जाऊबाईंनी विषय लिहिला होता, 'ओळख'. प्रत्येकाने घरातल्या एका माणसाचा कपडा आणला होता. कोपऱ्यात सामानाची खोली आहे, तिला खिडकी नाही. तिथे एक दिवा लावला होता, रस्त्यावरच्या खांबावर असतो तसला पिवळा, भगभगीत. जाऊबाईंनी तो वीजवाल्याकडून मिळवला होता म्हणे. एकेका मुलाने आपला कपडा घेऊन आत जायचं, दिसेल तोच रंग कागदावर उतरवायचा, माहीत आहे तो नाही. मग बाहेर खिडकीशी यायचं आणि पुन्हा त्याच कपड्याचा रंग काढायचा.

"डोळा लबाड असतो," जाऊबाई सांगत होत्या. "आणि माहिती त्याच्याहून लबाड. कपडा हातात धरून जो रंग आपला म्हणता, तो निम्मा दिव्याचा असतो. दिवा कुठला ते विचारल्याशिवाय रंग सांगायचा नाही. कधीही नाही."

आवाज नेहमीसारखाच होता, पण 'कधीही नाही' म्हणताना त्यांनी खडू इतका दाबला की तो मोडला.

एक चष्मेवाली मुलगी आपल्या आजोबांचा मफलर घेऊन आत गेली. आजोबा त्याच वर्षी गेले होते. बाहेर आली तर कागदावर नुसती माती. वाळलेली, मळकी माती. मग ती खिडकीशी आली आणि हातातला मफलर उलगडला. हिरवागार. तिने कागद बघितला, मफलर बघितला, आणि रडवेली होऊन म्हणाली, "बाई, हे जर मला कुणी त्या खोलीत दाखवलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, आमच्या आजोबांचं नाहीच."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला, काढायचा विसरल्यासारखा.

शिवण बिघडलं की पहिल्यांदा हाताला कळतं, डोक्याला मागाहून, तसं झालं. मी मांडीवरचं गाठोडं घट्ट धरून बसून राहिले. हिरव्या चिंध्या. दर थंडीत, हिरव्याच.

मुलं गेली. जाऊबाईंनी माझ्याकडून गाठोडं घेतलं, "बस, आलेच," म्हणाल्या आणि सामानाच्या खोलीत गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. मी उठून दाराशी उभी राहिले. त्या एकेक चिंधी काढून दिव्याखाली धरत होत्या. पोपटी धरली, ती पिवळट पडली. मेंदीची धरली, शेणासारखी झाली. बाटलीच्या हिरव्याचं तर पार काळं. प्रत्येक चिंधीला त्या पुटपुटत होत्या, "हाही गेला... हाही गेला..." आणि बाजूला टाकत होत्या. त्या दिव्याखाली त्यांचा चेहरा, केस, हात, सगळं एकाच मातीचं दिसत होतं. क्षणभर मला वाटलं, आत कुणी माणूस नाहीच.

मी म्हटलं, "ताई, त्या चौकीत दिवा कुठला होता?"

त्या वळल्या नाहीत. हातातली चिंधी तशीच धरून म्हणाल्या, "हाच."

मी तिथल्या रंगाच्या डब्यावर बसले.

"तेव्हा आपल्याकडे हे दिवे नव्हते," त्या सांगायला लागल्या. "आपल्याकडे सगळीकडे साधे पांढरे बल्ब. त्या चौकीत मी पहिल्यांदा हा उजेड बघितला. संध्याकाळ झाली होती, मला वाटलं कमी उजेड आहे, एवढंच. तिथला माणूस म्हणाला, बाई, हातात घेऊन बघा, गळा बघा, वीण बघा. मी म्हटलं गरज नाही."

"का पण? स्वेटर उलटा केला असता तर आईंची वीण—"

"वीण तू बघितली असतीस. हात लावून बघितलं असतंस. कुणीही शहाण्या माणसाने बघितलं असतं. मला कशाला हवं होतं? माझे डोळे होते ना!" त्या हसल्या, ते हसणं मला आजही ऐकू येतं. "आणि खरं सांगू का धाकटे, तो मातकट दिसला तेव्हा मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मला पुन्हा बघायचंच नव्हतं."

"मग कळलं कधी?"

"शाळेसमोरच्या रस्त्याला हे दिवे बसले तेव्हा. घरी यायला निघाले, दिवा लागला, आणि माझ्या खांद्यावरची हिरवी पिशवी बघता बघता मातीची झाली. मी तिथेच फुटपाथवर बसले. दुसऱ्या दिवशी चौकीवर गेले. कपडे कधीच जाळले होते. त्या माणसाला कुठे पुरलं ते दाखवा म्हटलं, तर तिथे नुसतं माळरान. कुठेही बोट दाखवत होते."

आता माझ्या डोक्यात एकेक लखलख व्हायला लागलं. बाई दिवे लागायच्या आत लगबगीने घरी येतात, मी म्हणायचे अंधाराला भितात. आमच्या दारासमोरच खांब आहे, म्हणून त्यांच्या खिडकीला जाड पडदा. मी म्हणायचे, झोप सावध आहे. कधी उशीर झालाच तर खाली मान घालून चालायच्या. खांबाखालून जाणारा प्रत्येक गडी मातकट स्वेटर घातलेला दिसायचा त्यांना. प्रत्येक गडी.

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात? आम्हाला कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगू? तो हेच होते म्हणून? ते तरी मला कुठे माहीत आहे! मातकट स्वेटरचाही कुणी माणूस असेल ना जगात. म्हणून दर वर्षी हा धडा घेते. दर वर्षी वाटतं, एखादा हिरवा तरी या दिव्याखाली हिरवा राहील. एक जरी राहिला तरी मला म्हणता येईल की यांचाही राहिला असता."

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काय करावं कळेना. शेवटी मी जमिनीवरच्या चिंध्या गोळा करायला लागले. "उठा," म्हटलं. "घरी चला. आईंना सांगायचं."

"त्या सहन करतील?"

"न सांगता तरी कुठे जगतायत? दारातल्या गारठ्याने जायच्या त्या, आणि मेल्यावरही दाराकडेच बघत राहतील. मग आयुष्यभर दार कोण लोटणार? मीच ना?"

घरी आलो तेव्हा दिवस कलायला लागला होता. दार अर्धं उघडं, सासूबाई उशीला टेकून बसलेल्या, ओठ निळसर. हे गोदामावर होते, त्यांची पाळी संपायची होती. जाऊबाई खाटेच्या कडेला टेकल्या आणि बोलल्या. सगळं. दिवा, चौकी, पिशवी, माळरान. काही सजवलं नाही, काही गाळलं नाही. बोलताना त्या सासूबाईंच्या पायांवरचं पांघरूण सारखं सारखं नीट करत होत्या.

मी मनात म्हटलं, आता रडतील, नाहीतर शिव्या घालतील. माझी सासू शिव्यांत कमी नाही. पण तसलं काही झालं नाही. खोकल्याची एक उबळ आली, गेली. मग म्हणाल्या, "धाकटे, माझी पेटी आण."

पेटीत सगळ्यात खाली, जुन्या पातळाच्या घडीत, लोकरीचा गुंडा होता. दोन्ही धागे जोडीने गुंडाळलेले, हिरवा आणि निळा. त्यांनी तो जाऊबाईंपुढे धरला.

जाऊबाई एकदम मागे सरकल्या. "नको आई."

"इतकी वर्षं लोकांच्या चिंध्या बघत बसलीस. हा का नाही कधी मागितलास?"

"भीती वाटली."

"मलाही वाटते," सासूबाई म्हणाल्या. "जा. दिवा लागायची वेळ झाली."

आम्ही दोघी उंबरा ओलांडून खांबाखाली उभ्या राहिलो. सासूबाई उघड्या दारातून बघत होत्या, पहिल्यांदाच त्या दारातून येणाऱ्या माणसाकडे नाही, गेलेल्या माणसांकडे. जाऊबाईंच्या ओंजळीत गुंडा. अजून आभाळात थोडा उजेड होता आणि लोकर शेवाळी दिसत होती, इतकी सुंदर, की मी विसरलेच होते तो रंग. हे दिवे एकदम पेटत नाहीत. आधी नुसता लालसर डोळा उघडतो, मग तो हळूहळू पिवळा होत जातो. तेवढा वेळ जाऊबाईंचे ओठ हलत होते. त्या काय मागत होत्या ते मला माहीत होतं. मीही तेच मागत होते, अगदी मनापासून, कडी आणि गारठा आणि सगळं विसरून. राहू दे. हा एक हिरवा राहू दे.

दिवा पिवळा झाला. आणि आमच्या डोळ्यांदेखत लोकरीतला हिरवा उतरत गेला, पाणी झिरपून जावं तसा, आणि खाली माती राहिली. मातकट. बारीक निळा धागा होता तो काळा पडला आणि सगळ्या मातीवर त्याचे ठिपके उठले. चिखल उडावा तसे.

मी जाऊबाईंचा दंड धरला.

"काय दिसतंय गं?" आतून आवाज आला.

मी तोंड उघडलं, पण त्यांनी मान हलवली. हे त्यांनाच सांगायचं होतं. "तेच होते, आई," त्या म्हणाल्या. "तो चिखल नव्हता. तुमचा निळा धागा होता."

रस्त्याने कुणीतरी सायकलवरून गेलं, मातकट कपड्यातलं, आणि यावेळी जाऊबाईंनी मान खाली घातली नाही. त्याच्याकडे सरळ बघितलं. अनोळखी माणूस होता.

मग सासूबाई म्हणाल्या, "या दोघी आत. गार वारा सुटलाय." अगदी हळू, "आणि कडी लावा."

कडी गंजून चौकटीला धरली होती. मी मशीनचं तेल आणून घातलं, हातोडीने ठोकली, तरी हलेना. शेवटी जाऊबाईंनी मला बाजूला केलं. एकदा दार पूर्ण उघडून त्या बाहेर बघत उभ्या राहिल्या, खांबाच्या उजेडापासून गल्लीच्या टोकापर्यंत. कुणाची तरी वाट सोडून उभं राहावं तशा जरा बाजूला सरकल्या. मग दार लावलं आणि दोन्ही हातांनी कडी ओढली. ती मोठ्याने किंचाळून एकदाची बसली.

हे आले, तेव्हा मागच्या दाराने घेतलं. काही न विचारता त्यांनी खाट उचलली, आईंनी चौकट धरली नाही. आतल्या खोलीत त्यांना गुंडाळून ठेवलं, मी शेगडी पेटवली. जाऊबाई त्यांच्या पायाशी बसल्या. गुंडा त्यांच्या मांडीत होता आणि आमच्या घरातल्या पांढऱ्या बल्बखाली तो पुन्हा शेवाळी झाला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

तेवढ्यात पुढचं दार हललं. आधी एकदा, मग पुन्हा. कडीवर दोनदा आपटलं, हळूच, कुणीतरी भिडेने वाजवावं तसं.

आम्ही चौघांनीही ऐकलं. सासूबाईंनी डोळे उघडले. मी सवयीने 'वारा' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्या काही विचारतील म्हणून थांबले. त्यांनी विचारलं नाही.